बोटभर खाली आलेली सीट

दाभाडे साहेबांनी मला खोली दिली, ती माझ्यावर विश्वास बसला म्हणून दिली नव्हती. ज्याचा संशय येतो तो माणूस नजरेपुढं असलेला बरा, असं त्यांचं साधं गणित होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकलं होतं, त्यामुळं तक्रारीला जागा नाही.

मी कणकवलीकडचा. आठवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. पुढं एका कंत्राटदारानं चिकलठाण्याच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला आणलं. मुकुंदवाडीत एका हॉलमध्ये आम्ही कँटीनची पोरं दाटीवाटीनं राहायचो. लग्न झालं तरी रेश्मा, माझी बायको, गावी आईपाशीच राहिली, कारण त्या हॉलमध्ये तिला आणणार कुठं? म्हणून मी गारखेड्यात खोली शोधत फिरायला लागलो. एकटा पुरुष बघून लोक दारच उघडत नव्हते. दाभाडे साहेबांनी उघडलं, पण साखळी लावून, चार बोटं.

"कोकणातला माणूस मुंबईला जातो," फटीतून ते म्हणाले. "तू उलटा इकडं कसा काय आला?"

मी खरं ते सांगितलं. ते ऐकून त्यांचा संशय वाढला. इतकं सरळ उत्तर पाठ केल्याशिवाय येत नाही, असं त्यांचं मत. माझं आधार कार्ड त्यांनी उन्हात धरून बघितलं. कंत्राटदाराला फोन केला, आमच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन केला. पाटील माझ्याबद्दल फारच गोड बोलले, म्हणून दुसऱ्या दिवशी परत केला. मग घरामागची पत्र्याची खोली मला मिळाली. दिवाळीनंतर बायकोला आणायचं म्हणालो, त्यालाही हो म्हणाले. फक्त माझ्या नावानं मला त्यांनी कधी हाक मारली नाही. नाव काय, कुणीही काहीही सांगतं. कोकणातला आहे एवढं बोलण्यावरून सिद्ध होतंय, तेवढंच धरायचं. म्हणून मी 'कोकणे'.

साहेबांची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली होती. आडरस्त्यावर गाडीला हात करायचा, चढायचं आणि मागच्या सीटपासून सुरुवात करायची. झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाच्या पापण्या कशा फडफडतात, विनातिकीट माणूस खिडकीबाहेर नको तेवढं प्रेमानं का बघतो, हे ते सांगायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं. पण त्यातलं काही आपल्याला लागू पडतंय का, अशी धाकधूकही वाटायची. मी त्यांच्यापुढं जांभईसुद्धा जपून द्यायचो.

त्यांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. एकदा मावशी, म्हणजे साहेबांची बायको, वैतागून म्हणाल्या की माणसानं कुणावर तरी विसंबावं. साहेब तसबिरीकडं बोट करून म्हणाले, "लोक म्हणतात देवावर विसंबा. आपल्यात तर तीबी सोय नाय. यांनी काय सांगितलं, मी सांगतो म्हणून मानू नका, तपासून बघा. अन् मी तर तपासनीसच."

मावशी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लग्नात गळ्यात घालायच्या आधी हारात सुई राहिली का बघत होते हे. समदा मांडव खोळंबलेला."

तर असा माणूस, आणि त्याच्याकडं कार्बनची सायकल. लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही. कसल्याशा काळ्या धाग्यांचे थर चिकटवून भट्टीत भाजलेली, दोन बोटांवर उचलली जाणारी. उभा जन्म बसच्या मागच्या चाकावर हादरे खाऊन साहेबांची पाठ गेली होती. सायकलनं बरं वाटेल असं कुणीतरी सांगितलं आणि साधी सायकल चालवता चालवता त्यांना लांब जायची चटक लागली. मग सिडकोतल्या एका डॉक्टरनं हौसेनं घेऊन भिंतीला टांगलेली ही सायकल विकायला काढल्याचं कळलं. इतकी चांगली वस्तू डॉक्टर का काढतोय, हा पहिला संशय. साहेब कितीतरी वेळा तिथं गेले, दर वेळी खिशात एक नाणं घेऊन. कार्बनला आतून तडा गेला तर वरून दिसत नाही, पण नाण्यानं ठोकलं की आवाज बसका येतो. तर साहेब कान लावून नळी नळी ठोकायचे आणि डॉक्टर बिचारा चहाचं विचारायचा. चहाही त्यांनी डॉक्टरनं आधी दोन घोट घेतलेले बघून मगच घेतला असणार.

ती सायकल शर्यतीची नव्हती. तिची मान जरा उंच, बसणारा फार वाकत नाही, दिवसभर बसला तरी अवघडत नाही अशी तिची बांधणी. "पळायची नाय, पोचायची सायकल आहे," साहेब म्हणायचे. घरी आणल्यावर ती तसबिरीखाली उभी राहिली, वरून जुनी चादर. चादरीखाली ब्रेकच्या दांडीला एक बारीक दोरा बांधलेला असायचा. कुणी हात लावला की तुटणार.

एकेक सुधारणा त्यांनी तिच्यात संशय घेत घेतच केली. पैठण गेटकडच्या मुनीरभाई सायकलवाल्यानं रुंद टायर घालून हवा कमी भरायला सांगितलं. मऊ टायर म्हणजे ताकद वाया, हा आपल्याला म्हातारा समजतोय, असं साहेब महिनाभर म्हणत होते. शेवटी घातले. खुलताबादला जाऊन आले आणि अंगणात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आज पाठ काहीच बोलंना," म्हणाले, तेही असं की पाठ काहीतरी लपवतेय. मग हँडलवर दुहेरी पट्टी गुंडाळली, हाताला मुंग्या येऊ नयेत म्हणून. दौलताबादच्या चढासाठी मागं मोठी दातेरी चकती आली. प्रत्येक वस्तू मुनीरभाई बसवून द्यायचा आणि साहेब घरी आणून उघडायचे, पुसायचे, पुन्हा स्वतःच्या हातानं बसवायचे. त्याशिवाय त्यावर बसायचे नाहीत.

शहरात सायकलवाल्यांचे गट आहेत. एकामागं एक चालवलं की मागच्याला वारा लागत नाही, दम वाचतो. साहेब एकदाच गेले आणि परत आले. पुढच्याच्या चाकावर भरवसा ठेवून डोळे खाली घालायचे, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. वाऱ्याचंही तेच. पैठणला जाताना पाठीवर वारा असला की सगळे खूश होतात. साहेब म्हणायचे, "ढकलतोय म्हणून हसायचं नाय. येताना त्योच समोर उभा राहतो."

मला त्यांचा राग यायचा का? यायचा. पण एक गोष्ट सांगायला हवी. त्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. गावाकडचं कुणी जवळ नव्हतं. साहेबांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि मी तिथं पडून होतो तेवढे दिवस कॉटशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी त्या लोकांना हैराण केलं. प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचायची, इंजेक्शनचं नाव मोठ्यानं उच्चारायचं, कागदाशी ताडून बघायचं. सिस्टर म्हणाली, बाबा, आमच्यावर विश्वास ठेवा. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाय. पण हा पोरगा लांबचा आहे. याच्यामागं विचारणारं कोण नाय, म्हणून मी विचारतो." मी डोळे मिटून पडलो होतो. पापण्या हलू नयेत याची काळजी घेत होतो.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी काहीही केलं असतं. आणि नेमकं त्यानंतरच ते सीटचं प्रकरण झालं.

दसऱ्याच्या आधी साहेबांनी सायकलला नवा सीटचा दांडा घातला, तोही कार्बनचा. खड्ड्यात तो किंचित लवतो आणि पाठीला हादरा पोचत नाही. उंची त्यांनी सुतळीला गाठ मारून पक्की केली होती. साहेब उंच, त्यांचे पाय लांब, आणि सीट जरा जरी हलली की गुडघा बोलायला लागतो. आठवड्यानं त्यांचा गुडघा बोलला. सुतळी लावून बघितली तर सीट बोटभर खाली. त्यांनी वर करून घट्ट केली. पुढच्या रविवारी फिरून आले, पुन्हा बोटभर खाली.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी कुणीतरी घरात राहून टाकी भरावी लागते. रविवारी साहेब आणि मावशी विहारात जायचे, तेव्हा ते काम माझ्याकडं असायचं. त्या वेळी घरात मी आणि सायकल, दोघंच.

मला हाक आली. मी पुढच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

"कोकणे, सायकलला हात लावला का?"

"नाही साहेब."

"लई लवकर नाय म्हणलास. निर्दोष माणूस आधी विचारतो, का हो, काय झालं?"

"का हो, काय झालं?"

"आता विचारतोस व्हय?"

मग त्यांनी सगळं मांडून दाखवलं, एखाद्या बसमध्ये चढल्यासारखं, मागच्या सीटपासून सुरुवात करून. सीट खाली आलीये. सीट खाली कोण करतं? बुटका माणूस. बोटभर खाली घेतो, चोरून चालवतो आणि परत वर करायचं विसरतो. मावशी साडीत त्या मधल्या नळीवरून पाय टाकणार नाहीत. घरात बुटका कोण? मी आमच्या घराण्यातही बुटका म्हणून ओळखला जातो. मी म्हणालो, दोरा तर तुटलेला नसतो. ते म्हणाले, "दोऱ्याचं तुला कसं ठाऊक?"

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण तसं सांगितलं असतं तर गल्लीत बातम्या कोण पुरवतं हा पुढचा प्रश्न आला असता.

"बायकोला इतक्यात बोलावू नको," ते शेवटी म्हणाले. "आधी हे मिटू दे."

रेश्माच्या तिकिटाचं बोलणं झालं होतं. तिनं पेटी भरायला घेतली होती. खोली गेली तर परत मुकुंदवाडीचा हॉल, आणि तिनं गावातच राहायचं. त्यातून चोर म्हणून खोली गेली तर कंत्राटदार तरी ठेवेल का? रात्री तिचा फोन आला की मी गारठ्याबद्दल बोलायचो, इकडं थंडी फार असते, जरा थांबून ये म्हणायचो. तिलाही संशय यायला लागला. ती म्हणाली, "तिकडं दुसरं काय चाललंय काय तुमचं?"

संशय काविळीसारखा असतो, पाण्यातून पसरतो म्हणा ना. मी दूधवाल्याकडं बघायला लागलो. शेजारच्या कॉलेजच्या पोराची उंची डोळ्यांनी मोजायला लागलो. मावशींनी एकदा सायकलवरची धूळ पुसली, तर मी दारामागून बघत उभा. शेवटी तर मीच झोपेत उठून काही करतोय का, असं मनात आलं. मी साहेबांना म्हणालो, तुमच्यासमोर मला त्या सीटवर बसवून बघा. त्यांनी मला अंगणातच अडवलं. मुद्देमालाला आरोपीनं हात लावायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता. तो त्यांनी घरातही मोडला नाही.

दिवाळी अगदी तोंडावर आली तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. कँटीनला सुट्टी होती. अजिंठ्यापर्यंत जाऊन यायचं, आणि मी मावशींच्या स्कूटीवर सोबत. मागं नाही, पुढं. "मागचा माणूस काय करतो दिसत नाय," ते म्हणाले. निघताना त्यांनी सीटच्या दांड्यावर, बरोबर तो नळीत शिरतो तिथं, दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली. तिच्यावर स्वतः सही केली, माझी घेतली, पंच म्हणून मावशींची घेतली. मावशी सही करताना म्हणाल्या, "मला नांदवताना एवढी लिखापढी केली नव्हती."

स्कूटी सायकलच्या वेगानं चालवणं सोपं नाही. हर्सूल सोडलं, फुलंब्री आली, मी आरशात बघत चाललोय आणि आरशात साहेब, काळा चष्मा, पाठ सरळ, माझ्या पाठीवर नजर. तोल जाईल की काय असं वाटायचं. फुलंब्रीला त्यांनी एका हातानं चहा घेतला, दुसरा हात सायकलवरच. कापसाची शेतं सुरू झाली. सिल्लोडच्या पुढं त्यांनी हाक मारली. गुडघा बोलत होता.

एका हॉटेलच्या बाकड्यापाशी आम्ही थांबलो. साहेब खाली वाकले. चिकटपट्टीची खालची कड गोळा होऊन चुरगळली होती. माझ्या सहीची गुंडाळी झाली होती. दांडा नळीत खाली सरकला होता आणि पट्टी वरच अडकून राहिली होती.

साहेबांनी त्या गुंडाळीवरून बोट फिरवून बघितलं. मग सरळ होऊन त्यांनी चष्मा काढला.

"सकाळपासून हिच्यावर कोण बसलंय?"

"तुम्ही."

"अन् तू?"

"मी पुढं होतो, साहेब."

ते त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, कारण न विचारता काही मानायचं नाही. मग खिशातली चावी काढून त्यांनी दांडा सोडवला आणि उपसून बाहेर काढला. दांडा तुपात बुडवल्यासारखा चकाकत होता. त्यांनी मुनीरभाईला फोन लावला आणि आवाज मोठा केला, साक्षीदाराला ऐकू यावं म्हणून. साक्षीदार मीच होतो. साहेब म्हणाले की दांडा बसवताना तू आत रेतीसारखा कचरा ठेवला होता, तो मी घरी येऊन रॉकेलनं पुसला आणि चांगलं ग्रीस लावलं, तरी सीट का सरकते?

तिकडून मुनीरभाई म्हणाला, "साहेब, वो कचरा नै था. वो कार्बन का मसालाच है, पकड़ के वास्ते डालते उसको. तुम पोंछ को ग्रीस लगाए? फिर सरकेंगीच ना सीट."

फोन बंद करून साहेब बाकड्यावर बसले. हॉटेलवाल्यानं दोन चहा आणून ठेवले. साहेबांनी चहाकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ उचलून प्यायले. मग ते उठले. कोरड्या फडक्यानं दांडा आणि नळी खसाखसा पुसली, दांडा परत बसवला, तोही मघाशी होता तितकाच खाली. आणि सायकल माझ्याकडं केली.

"बस."

मी म्हणालो, मुद्देमालाला आरोपीनं...

"बस म्हणतो ना."

त्यांनी मागून सीट धरली. मी बाकड्यावर पाय देऊन कसाबसा चढलो. त्या सायकलवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसत होतो. माझा पाय पॅडलपर्यंत पोचला नाही. अंगठा ताणला, तरी पॅडल खालीच. दुसऱ्या बाजूनं बघितलं, तिकडंही तेच. हॉटेलवाला बघत होता, एक ट्रकवाला हसत होता, आणि साहेब मागून मला धरून उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"हे आधी बघायला पायजे होतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नाय बघितलं."

मी उतरायला लागलो तर त्यांनी लगेच सोडलं नाही. म्हणाले, "बायकोला कळव. येऊ दे."

परतताना त्यांनी मला सांगितलं, तू जा तुझ्या वेगानं. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला ते बोलणंही तपासून बघावंसं वाटत होतं. आता मनात काय असेल यांच्या? लाजेनं बोलले असतील आणि उद्या पुन्हा हाक येईल? आपल्यासारख्याला कुणी चांगलं म्हटलं की त्यामागं काय आहे हे बघायची सवय लागते.

रेश्मा दिवाळीनंतर आली. साहेबांनी तिला अंगणात उभं करून माझं वय, माझ्या आईचं माहेर आणि मला पोहता येतं का, असं सगळं विचारलं. तिनं उत्तरं दिली आणि मग तिनंच विचारलं, "काका, तुम्ही खरंच तिकीट तपासायचात, की पोलिसात होतात?" मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. साहेब गंभीरपणे म्हणाले की बाई हुशार आहे, हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. आमच्या मुलीचं बारसं त्यांच्याच पुढच्या खोलीत झालं, सायकल तात्पुरती आत हलवून.

पुढं मावशींची नजर कमी झाली आणि साहेबांचे हात थरथरायला लागले. लांबच्या फेऱ्या थांबल्या. पुण्याहून त्यांची मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. घर एजंटकडं देऊ, तो भाडेकरू बघेल, असं ती म्हणत होती. साहेब म्हणाले, एजंट नको, पुढं हे राहतील. आमच्याकडं बघून म्हणाले नाहीत, भिंतीकडं बघून म्हणाले. मुलीनं काही कागद करायचं सुचवलं तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

सायकल गाडीच्या मागं बाहेरून बांधायला त्यांनी साफ नकार दिला. चाकं काढून, मावशींच्या गोधडीत गुंडाळून ती मागच्या सीटवर आडवी ठेवली. मावशी पुढं बसल्या. साहेब मागं सायकलपाशी, एक हात तिच्यावर. मी दार लावलं. त्यांनी काच खाली घेतली, मला वाटलं काहीतरी सांगतील, मोटर बंद कर, गॅस बघ. त्यांनी फक्त मान हलवली.

गाडी गल्लीतून निघाली, कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी थांबली. समोरून रिक्षा येत होती. मागच्या काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं, पांढरं, ताठ. आता वळून बघतील. आता उतरतील, काहीतरी तपासायचं राहिलं म्हणून काठी टेकत परत येतील. मी फाटकात सरळ उभा राहिलो. रेश्मा म्हणाली, चला आत, पोरगी उठलीये. मी म्हणालो, थांब जरा.

रिक्षा गेली. गाडी वळली. मी बराच वेळ उभा होतो. त्यांनी वळून बघितलं नाही, काही तपासायलाही परत आले नाहीत.